देवी डॉक्टर आणि आजीचा हिशोब

आजीला भावंडं किती, असं विचारलं की ती दोन आकडे सांगायची. झाली नऊ, राहिली पाच. गेलेली बहुतेक देवीत गेली. एखादं पटकीतही गेलं असावं. आजी सगळ्यांची सरमिसळ करायची आणि मीही कधी नीट विचारून घेतलं नाही. राहिलेल्यांतली मावशीआजी एका डोळ्याने अधू, तोंडभर वण. स्वभावाने मात्र सगळ्यांत खट्याळ.

देवी आल्या की निपाणीकडच्या आमच्या घरात फोडणी बंद. दाराला कडुनिंबाचे डहाळे. अंगाला कंड सुटली तर पाल्यानेच हलकं चोळायचं, नख लावू द्यायचं नाही. खायला दहीभात, नाहीतर जोंधळ्याची गार आंबील. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल सारवून तिची पूजा व्हायची आणि आम्ही आदल्या दिवशीचं जेवायचो. (आदल्या दिवशीच्या पुऱ्यांना दुसऱ्या दिवशी जी चव येते, ती मला अजून कुठे सापडलेली नाही.)

शितळादेवीला असा नैवेद्य दाखवणारी आजी देवी डॉक्टर गावात आला की नातवंडांना दंडाला धरून पुढे घालायची. तिच्या सासूला हे अजिबात पटत नसे. त्या म्हातारीने तिच्या आईकडून ऐकलं होतं, की पूर्वी एका पोराच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालत. कुणाचं पोर, कुठल्या घरचं, त्याला आणखी काय रोग, कोण बघणार? ही भीती अगदीच खुळी नव्हती. १८०२ साली १४ जूनला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली, ती तिथून दंडादंडानेच पुढे गेली, आणि त्या वाटेने गरमीसारखे रोगही जाऊ शकत. पुढे वासरांची कातडी भादरून, ओरखडून तिच्यावर लस वाढवू लागले. बेळगावला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो होता; तिथले आमचे काका वासरांच्या गोष्टी सांगायचे, त्यातल्या निम्म्या तिखटमीठ लावलेल्या असाव्यात.

देवी डॉक्टरकडे लोखंडी दांडी असे, टोकाला बारीक दातेरी चकती. दंडावर लशीचा थेंब ठेवून ती गर्रकन फिरवायची. आठवड्यात फोड पिकायचा, ताप भरायचा, काखेत गाठ यायची. मग खपली पडून रुपयाएवढा वण उरायचा.

शेजारच्या एका लेकराला इसब होतं. तसंच टोचलं आणि अंगभर फोड उठले. ते वाचलं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मला आठवतं ते एवढंच, की त्या महिन्यात गल्लीतल्या बायका पोरं माळ्यावर लपवत होत्या. आजीने आम्हाला लपवलं नाही. ‘देवी आल्या तर दहातली तीन जातात. सुईनं किती गेली, सांगा,’ ती म्हणाली. आकडे तिने आपल्याच माहेरच्या अंगणात मोजले होते. पुढे वाचलं, तर देवीत खरोखरच दहातली तिघं जात. पहिल्यांदा टोचलेल्या दहा लाखांत एखाददुसरं दगावे. पण ते एखाददुसरं आपल्याच ओटीवरचं असलं तर हिशोब कुणी कुणाला सांगायचा?

सरसकट टोचूनही देवी हटेनात. १९७४ साली पहिल्या पाच महिन्यांत देशात सुमारे १५,००० माणसं गेली, त्यातली बहुसंख्य बिहारात. याच काळात गावोगाव आजारी माणूस हुडकायचा, त्याला वेगळं ठेवायचं आणि भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं, यावर भर दिला. खबर देणाऱ्याला बक्षीसही होतं. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात रोगी सापडला नाही. १९८० साली जगानेच सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच सुमारास माझा भाचा जन्मला. त्याला टोचलं नाही. मावशीआजीने त्याचा दंड चाचपला आणि माझ्यावर उखडली. मी समजावलं : रोगच उरला नाही, मग सुईचा धोका तेवढा कशाला घ्यायचा?

‘आणि परत आल्या तर?’

म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेने लशीचा साठा राखून ठेवलाय.

‘कुठं ठेवलाय, ते विचारून ठेव,’ ती म्हणाली, आणि पोराला माझ्या मांडीवर देऊन पानाचा डबा शोधायला उठली.