चादरीखालचा रेडिओ

शर्ट पाठीला चिकटलाय? मग बरोबर पोचलात. सोलापूर, गुरुवार, २६ जून १९७५. खिसे चाचपू नका, मोबाइल यायला अजून बराच अवकाश आहे.

लोकशाही उलथताना कशी दिसते, ते बघायला आलात ना? म्हणून चौकाचौकांत रणगाडे शोधताय. नाही मिळणार. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा रोजच्यासारखाच वाजलाय. साखर पेठेतून चाला. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट इतकी, की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ओल्या रंगाचा, सुताच्या खळीचा वास नाकात बसतो. ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताहेत. तंबाखूची धूळ उडते आणि तुम्ही शिंकता. त्या हसतात, आपसांत तेलुगूत काहीतरी बोलतात. तुमच्याबद्दलच असणार.

आता हॉटेलात शिरा. रेडिओवर पंतप्रधान इंदिराबाईंचं भाषण होऊन गेलंय. आणीबाणी पुकारली आहे, पण घाबरण्याचं कारण नाही म्हणे. हे 'घाबरू नका' ऐकूनच कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचा चहा बशीत तसाच राहिलाय.

त्याने १९३०चा मार्शल लॉ पाहिलाय. नगरपालिकेवर तिरंगा फडकवणारं हे गाव. त्या मे महिन्यात इथं लष्कर उतरलं. "तवा सोपं होतं," तो तुमच्याकडं सरकून सांगतो. "गोरा सोजीर दिसला, की कळायचं. टोपी काढायला लावायचा. चौघांना तर येरवड्यात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आता सोजीर कुठाय सांग बे?"

तुम्ही दाराबाहेर बघता. सोजीर नाही. सायकली आहेत, टांगे आहेत, बाजाराची घाई आहे.

काही दिवस थांबा. त्याच हॉटेलात एक पाटी लागते: 'येथे राजकीय चर्चा करू नये.' खडूचं अक्षर वळणदार आहे, आणि ती लावायला कुणी सांगितलेलं नाही. मालकाने स्वतःच लावली. मला विचाराल, तर सगळ्यात जास्त भीती या पाटीची वाटावी. रोज तावातावाने भांडणारी टेबलं आता पावसावर, कांद्यावर बोलतात, आणि नवखं गिऱ्हाईक आत आलं, की कांदाही थांबतो.

हिराचंद नेमचंद वाचनालयात चला. टेबलाभोवती माणसं दाटलीत, पण पानं उलटल्याचा आवाज तेवढा येतो. छापण्याआधी मजकूर सरकारी माणसाला दाखवायचा असल्याने वर्तमानपत्रं गुळगुळीत झालीत. दिल्लीच्या इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरीच सोडली, अशी कुजबुज आहे. मुंबईच्या टाइम्सचा निधनवार्तांचा रकानाही नजरेखालून घाला. त्यात 'डी.ई.एम. ओक्रसी' नावाच्या गृहस्थांचं २६ जूनला निधन झाल्याची छोटी जाहिरात सापडेल. अक्षरं जुळवून पाहा. शेजारचे मास्तर केव्हाच जुळवून बसलेत. खोकल्याचं निमित्त करून हसताहेत.

रात्री मुक्काम तेलंगी पाच्छा पेठेत, एका विणकराच्या घरी. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर कच्चं तेल. दिवा मालवला, की यजमान खिडकी लावतात. या उकाड्यात? हो. मग घरचीच जाडजूड चादर काढतात आणि तुम्हाला म्हणतात, "या, आत या."

चादरीखाली बीबीसी आहे. खरखर, शीळ, पुन्हा खरखर. चार डोकी, एक ट्रान्झिस्टर, घामाच्या धारा, यजमानांच्या तोंडाला लसणाचा वास. विरोधी नेते जयप्रकाश नारायण कुठे अटकेत आहेत, याची बातमी लंडनहून सोलापूरला येतेय.

दारावर थाप पडते.

बटण बंद. कुणी श्वास घेत नाही. यजमानीण पदर सावरत उठते, कडी काढते. उंबऱ्यात शेजारचे काका उभे आहेत, बनियनवर.

"लागलं का?" ते हळूच विचारतात.

सरका जरा, त्यांना जागा करा.