व्हॉट हॅपन्ड इन हिस्टरी

पुरातत्त्वज्ञ व्ही. गॉर्डन चाइल्ड (१८९२–१९५७) यांचा मानवी संस्कृतीच्या उदयावरील लोकप्रिय इंग्रजी ग्रंथ. पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त ‘पेलिकन’ मालेत १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. चाइल्ड मूळचे सिडनीचे. त्या वेळी ते एडिंबरो विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते. सामान्य वाचकाला परवडावा, म्हणून त्यांनी हे लेखन पेंग्विनला दिले.

ग्रंथाचा आवाका पुराणाश्मयुगापासून रोमन साम्राज्याच्या ऱ्हासापर्यंत आहे. राजे आणि लढाया यांऐवजी अवजारे, अन्नोत्पादन व श्रमविभागणी यांतून इतिहास उलगडणे, ही त्याची मार्क्सवादी बैठक. वन्यावस्था, रानटी अवस्था व नागर संस्कृती हे टप्पे ल्यूइस मॉर्गन यांच्या मांडणीतून आले आहेत. शेती व पशुपालनाच्या आरंभाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ आणि नगरांच्या उदयाला ‘नागरी क्रांती’ म्हणण्याची कल्पना चाइल्ड यांनी १९३६ च्या ‘मॅन मेक्स हिमसेल्फ’ या ग्रंथात मांडली होती. येथे तिचा विस्तार आहे.

मेसोपोटेमियावरील विवेचन विशेष सरस उतरले आहे. कालव्यांच्या पाण्यावर पिकलेले जादा धान्य मंदिरांच्या कोठारांत साठले, त्यावर कारागीर व पुरोहित पोसले गेले आणि कोठारांच्या हिशेबातून लेखनकला आली. तांबे, दगड व इमारती लाकूड स्थानिक नसल्याने दूरच्या व्यापाराला चालना मिळाली. पुढे स्वस्त लोखंडाने अवजारे आणि वर्णमालेने लेखन मूठभरांच्या हातून सुटले. ईजिप्त व सिंधू संस्कृतींचा विचार एकाच प्रकरणात येतो. महायुद्धाच्या अंधारात लिहूनही, प्रगती खंडित असली तरी खरी असते, हा चाइल्ड यांचा निष्कर्ष आहे.

ग्रंथातील कालगणना मात्र मागे पडली. १९४९ नंतर रूढ झालेल्या कार्बन-१४ पद्धतीने शेतीचा आरंभ बराच मागे नेला. पश्चिम युरोपातील काही महापाषाणीय थडगी ईजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरल्याने, युरोपला अशा गोष्टी पूर्वेकडून मिळाल्या, हे चाइल्ड यांचे गृहीतक डळमळले. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथे १९९५ पासूनच्या उत्खननात शिकारी-संकलक समाजांनी उभारलेली भव्य बांधकामे सापडली. त्यामुळे आधी शेती, मग मोठी वास्तू, हा क्रमही सर्वत्र लागू राहिला नाही. तरीही अतिरिक्त उत्पादनातून सत्ता, कारागिरी व लेखन यांचा परस्परसंबंध लावणारी चौकट आजही चर्चेत आहे. उत्पादनसाधनांच्या आधारे समाजाचा इतिहास मांडण्याची याच धर्तीची पद्धत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतीय इतिहासाला लावली.

युद्धकाळात पेंग्विनच्या अनेक पुस्तकांवर, वाचून झाल्यावर प्रत सैनिकांसाठी टपाल कार्यालयात द्यावी, अशी सूचना छापलेली असे. त्या काळचा कागद हलका असल्याने १९४२ च्या प्रती आज पिवळट व ठिसूळ आढळतात. जुन्या बाजारात घेताना आवृत्तीचे वर्ष पाहावे; १९५४ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली.