बेळगाव-मिरज भागातील तरुण मिशनरी : त्यांचा दिनक्रम आणि मागे राहिलेले काम

बेळगावचे बेनन स्मिथ हायस्कूल आणि मिरजेचे मिशन हॉस्पिटल ही नावे सीमाभागातील जुन्या घरांना परिचित आहेत. एकात आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा शिकले आणि दुसऱ्यात कित्येकांचे प्राण वाचले. या संस्था उभारणारे मिशनरी इथे आले तेव्हा विशी-तिशीतले होते. त्यांचे रोजचे जगणे कसे होते, याची माहिती सभासदांसाठी एकत्र देत आहे.

कोण, कधी आले

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून येथे आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. १८३२ मध्ये इंग्रजी शाळा सुरू झाली, तीच आजची बेनन स्मिथ. १९०४ मध्ये लंडन मिशनने येथील काम अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे सोपवले. दक्षिणेकडे जर्मन-स्विस बासेल मिशनने १८३७ मध्ये धारवाडला ठाणे केले. उत्तरेकडे रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात स्थायिक झाले. म्हणजे निपाणीच्या दोन्ही बाजूंना मिशनची ठाणी होती.

प्रवास आणि हवा

सुरुवातीच्या काळात इंग्लंडहून मुंबईला येण्यास आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिने लागत. घरी लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष सरत असे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथील उन्हाळा त्यांना सोसवे. त्रास व्हायचा तो पावसाळ्याचा. चार महिने कपड्यांना बुरशी आणि पुस्तकांना वाळवी. मिरज, निपाणी, चिकोडी या भागात मात्र एप्रिल-मेची धग खरी.

म्हणून दिवस उजाडण्यापूर्वीच कामाला लागायचे, दुपारी बाहेर पडायचे नाही आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघायचे, असा सर्वसाधारण क्रम असे. उंच कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा, दारांना पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि छताला दोरीने ओढायचा पंखा, एवढेच गारव्याचे उपाय. कडक उन्हाळ्यात काही जण महाबळेश्वर किंवा पन्हाळ्याला जात.

पहिले काम : भाषा

नव्या मिशनऱ्याला आल्याबरोबर कामावर जुंपत नसत. सकाळचे तास पंडितांपुढे बसून भाषा शिकण्यात जात. आधी मुळाक्षरे, मग वाचन, मग बाजारात उभे राहून बोलणे. सीमाभागात एका भाषेने भागत नसे. बेळगावच्या पेठेत मराठी, आसपासच्या खेड्यांत कानडी आणि कॅम्पात मद्रासी पलटणींबरोबर आलेल्या लोकांत तमिळ.

या गरजेतूनच मोठे काम झाले. मोल्सवर्थ हे मुळात लष्करी अधिकारी. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. बासेल मिशनचे किटेल यांचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही कोश अजून वापरात आहेत. त्यांमागे शब्द सांगणारे, अर्थ तपासणारे इथलेच पंडित होते. मुखपृष्ठावर त्यांची नावे आली नाहीत, तरी श्रेय त्यांचेही आहे.

आजारपण

टेलर बेळगावात आले त्याच १८२० साली फ्रान्समध्ये सिंकोनाच्या सालीपासून क्विनाइन वेगळे काढले गेले. हिवताप डासामुळे पसरतो हे मात्र रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला १८९७ मध्ये सिद्ध केले. मधली पाऊणशे वर्षे लोक ताप ‘वाईट हवेमुळे’ येतो असेच समजत. पटकीची भीती सर्वांत मोठी. मुंबईत १८१३ मध्ये आलेले पहिल्या अमेरिकन मिशनरींपैकी एक गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकजवळ फिरतीवर असताना पटकीने वारले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. मिशनरींच्या घरांत लहान मुले दगावणे नेहमीचेच होते. जगलेल्या मुलांना सात-आठ वर्षांची झाली की शिक्षणासाठी परत मायदेशी पाठवत. आईबापांची व मुलांची भेट मग कैक वर्षांनी होई.

फिरती आणि विरोध

पावसाळा संपला की तंबू, भांडी आणि पुस्तके बैलगाडीत घालून खेडोपाडी फिरती सुरू होई. बाजारच्या दिवशी झाडाखाली उभे राहून बोलायचे. लोक ऐकत, प्रश्न विचारत आणि सडेतोड उत्तरेही देत. मुंबईत १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले, ते प्रसिद्धच आहेत. धर्मांतराविषयीचा राग आणि संशय खरा होता व त्याला कारणेही होती. शाळेत मुलगा पाठवावा, पण घरचा धर्म सुटू नये, या पेचात अनेक घरे होती.

मिरजेचे वॉनलेस

विल्यम वॉनलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. १८८९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, डॉक्टर होऊन ते पत्नीसह भारतात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला, मग मिरजेस आले. संस्थानाकडून जागा मिळाली आणि १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने बेळगाव, कोल्हापूर, विजापूर या सर्व बाजूंनी रुग्ण येत, मराठी बोलणारे तसेच कानडी बोलणारेही. मोतीबिंदू व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयाचे नाव झाले. परिचारिकांचे शिक्षण आणि क्षय व कुष्ठरुग्णांची सोयही पुढे झाली. वॉनलेस १९२८ मध्ये निवृत्त होऊन परत गेले व १९३३ मध्ये वारले. वानलेसवाडी हे नाव त्यांचेच.

हिशेब

किती लोकांनी धर्म बदलला, या आकड्यावर मिशनची मुख्य कचेरी कामाचे मोजमाप करी. त्या मापाने आपल्या भागातील यश लहानच म्हणावे लागेल. टिकले ते रोजच्या गरजेतून उभे राहिलेले काम : शाळा, दवाखाना, कोश. हे काम त्यांच्या एकट्याचे नव्हते. भाषा शिकवणारे पंडित, शाळेतील स्थानिक मास्तर, ड्रेसर आणि नर्स ही आपलीच माणसे होती. मिशनरींचे अहवाल परदेशी ग्रंथालयांत जपलेले आहेत. या माणसांची नोंद मात्र आपल्या घरच्या ट्रंकांतच आहे आणि ती दरवर्षी थोडी थोडी नाहीशी होत आहे.

सभासदांपैकी कोणाकडे बेनन स्मिथची जुनी प्रगतिपुस्तके, मिरजेच्या रुग्णालयाचे केसपेपर, नर्सिंगचे दाखले किंवा फोटो असतील, तर ते जपून ठेवावेत आणि एक झेरॉक्स प्रत मंडळाकडे द्यावी. फोटोच्या मागे नाव व साल आजच लिहून ठेवावे, कारण ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.