ध्वनियंत्रांसाठी दाब उतरवणारे रोहित्र

दाब उतरवणारे रोहित्र हे घरगुती वीजपुरवठ्याचा विद्युत दाब कमी करून तो कमी दाबावर चालणाऱ्या उपकरणाला पुरवणारे साधन होय. व्यवहारात त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर म्हणतात. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. जपानमध्ये तो १०० व्होल्टचा, तर अमेरिका व कॅनडात १२० व्होल्टचा आहे. त्यामुळे या देशांच्या बाजारपेठांसाठी बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक, रेकॉर्ड प्लेयर यांसारखे ध्वनियंत्र भारतात वापरायचे असल्यास असे रोहित्र लागते. परदेशातून परतलेली कुटुंबे, जुन्या जपानी यंत्रांचे संग्राहक आणि ध्वनिमुद्रण करणारे यांना त्याची विशेष गरज पडते. निवड चुकल्यास यंत्र जळू शकते, ध्वनीत गुणगुण मिसळते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोकाही संभवतो.

कार्यतत्त्व

रोहित्राचे कार्य मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर आधारलेले आहे. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यातील प्रत्यावर्ती धारेमुळे गाभ्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यामुळे दुय्यम वेटोळ्यात विद्युत दाब उत्पन्न होतो. दोन्ही दाबांचे गुणोत्तर हे वेढ्यांच्या संख्येच्या गुणोत्तराइतके असते. २३० व्होल्टचे १०० व्होल्ट करण्यासाठी हे गुणोत्तर सुमारे २.३ : १ ठेवावे लागते. रोहित्र दाब बदलते, वारंवारता मात्र बदलत नाही. निवडीतील अनेक प्रश्न या एका मर्यादेतून उद्भवतात.

रोहित्राची गरज पडताळणे

प्रत्येक परदेशी यंत्राला रोहित्र लागतेच असे नाही. यंत्राच्या मागील पट्टीवर आवश्यक दाब, वारंवारता व वीजवापर छापलेला असतो. तेथे ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असल्यास यंत्र थेट भारतीय पुरवठ्यावर चालते. भारतातील सॉकेटला जुळणारी पिन तेवढी लागते. निर्यातीसाठी बनवलेल्या अनेक यंत्रांच्या मागे दाब निवडण्याची कळ असते. काही यंत्रांच्या आतील रोहित्राला अनेक दाबांसाठी जोडण्या ठेवलेल्या असतात आणि कुशल तंत्रज्ञ त्या बदलून देऊ शकतो. ही सोय असेल तेथे बाहेरचे रोहित्र टाळणे अधिक चांगले.

विद्युत दाबाची निवड

बाजारात सहज मिळणारी बहुतेक रोहित्रे ११० किंवा ११५ व्होल्ट देणारी असतात. अमेरिकी यंत्रांना ती चालतात. १०० व्होल्टच्या जपानी यंत्रांना मात्र ती योग्य नाहीत. ११५ व्होल्ट म्हणजे १५ टक्के अधिक दाब. निर्वात नलिकांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६.३ व्होल्टची तापतंतू तार अशा वेळी सुमारे ७.२ व्होल्टवर जळत राहते व नलिकेचे आयुष्य घटते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात आतील दाब वाढून जुन्या धारित्रांवर ताण येतो आणि यंत्र प्रमाणाबाहेर तापते. यंत्र लगेच बंद पडत नसल्याने हे नुकसान बरेच दिवस लक्षात येत नाही.

मूळ पुरवठाही नेहमी २३० व्होल्ट नसतो. रात्री उशिरा तो २५० व्होल्टपर्यंत चढला, तर २ : १ गुणोत्तराचे रोहित्र १२५ व्होल्ट देते आणि २.३ : १ गुणोत्तराचे सुमारे १०९ व्होल्ट. म्हणून रोहित्र मागवण्यापूर्वी घरातील दाब दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजून पाहावा. दाबात फार चढउतार असल्यास रोहित्रापूर्वी दाब स्थिर ठेवणारे साधन जोडतात. भाराविना रोहित्राचा दाब छापील आकड्याहून काहीसा अधिक दिसतो व भार पडताच उतरतो. लहान रोहित्रांत हा फरक जास्त असतो.

क्षमतेची निवड

रोहित्राची क्षमता वॅटमध्ये नव्हे, तर व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात. अ‍ॅम्प्लिफायरमधील धारित्रे संपूर्ण आवर्तनात सारखी वीज न घेता दाबाच्या शिखराजवळ ती झटक्याझटक्याने ओढतात. त्यामुळे वॅटमधील वापर कमी दिसला तरी वेटोळ्यांतील धारा बरीच अधिक असते. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरच्या पट्टीवरील आकडा अनेकदा पूर्ण आवाजाचा नसून सरासरी वापराचा असतो. या कारणांमुळे छापील वापराच्या किमान दीडपट ते दुप्पट क्षमता घेण्याचा प्रघात आहे.

उदाहरणार्थ, १०० व्होल्ट व २२० वॅट असे लिहिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ३३० ते ४४० व्होल्ट-अँपिअर क्षमता निघते; अशा वेळी ५०० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र घेतात. पूर्ण भारावर त्यातून १०० व्होल्टच्या बाजूला ५ अँपिअर आणि २३० व्होल्टच्या बाजूला सुमारे २.२ अँपिअर धारा वाहते. वितळतारेची निवड या आकड्यांवरून करतात. टेपडेक किंवा ट्यूनर यांना १०० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र बहुधा पुरते. क्षमता सतत वापरासाठीची आहे की थोड्या वेळापुरती, हेही विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावे.

प्रकार

दोन स्वतंत्र वेटोळ्यांचे रोहित्र: यात पुरवठा आणि यंत्र यांच्यात तारेचा थेट संबंध नसतो. आकार, वजन व किंमत अधिक असली तरी ध्वनियंत्रांसाठी हाच प्रकार सर्वांत सुरक्षित मानला जातो. बाजारात त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

ऑटो ट्रान्सफॉर्मर: यात एकच वेटोळे असून त्याच्या मधल्या टोकातून कमी दाब घेतला जातो. ते हलके व स्वस्त असते. मात्र वेटोळ्याचा सामाईक भाग तुटल्यास १०० व्होल्टच्या यंत्रावर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. घरातील सॉकेटमध्ये विद्युन्मय व तटस्थ तारा उलट जोडलेल्या असल्यास यंत्राच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत धोकादायक दाबावर राहतात.

इलेक्ट्रॉनिक परिवर्तक: प्रवाशांच्या केस वाळवण्याच्या यंत्रासाठी वा इस्त्रीसाठी विकले जाणारे हे हलके साधन प्रत्येक आवर्तनाचा काही भाग कापून सरासरी परिणाम ११५ व्होल्टइतका करते, शिखर दाब मात्र ३०० व्होल्टच्या आसपास राहतो. खऱ्या ११५ व्होल्टच्या पुरवठ्यात शिखर सुमारे १६३ व्होल्ट असते. ध्वनियंत्रातील धारित्रे शिखर दाबापर्यंत भारित होत असल्याने असे साधन यंत्राचा नाश करू शकते. ध्वनियंत्रासाठी ते कधीही वापरू नये.

वारंवारतेचा परिणाम

जपानच्या पूर्व भागात ५० व पश्चिम भागात ६० हर्ट्झचा पुरवठा आहे. अमेरिकेत सर्वत्र ६० हर्ट्झ आहे. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेले यंत्र ५० हर्ट्झवर चालवल्यास त्याच्या आतील रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय अभिवाह २० टक्क्यांनी वाढतो. गाभा संपृक्त होऊन तापतो व घुमू लागतो. ‘५०/६०’ असे लिहिलेल्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

ज्या रेकॉर्ड प्लेयरची मोटार पुरवठ्याच्या वारंवारतेनुसार फिरते, त्याची गती पाच षष्ठांशावर येते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि स्वर तीन अर्धस्वरांहून थोडे अधिक उतरतात. काळी चारमध्ये गायलेले पद पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येते आणि लयही मंदावते. यावर रोहित्राचा उपाय चालत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेयरची कप्पी बदलावी लागते किंवा वारंवारता बदलणारे साधन वापरावे लागते. क्वार्ट्झ स्फटिकाने गती नियंत्रित होणाऱ्या यंत्रांवर पुरवठ्याच्या वारंवारतेचा परिणाम होत नाही.

गुणगुण व मांडणी

रोहित्राचा गाभा चौकोनी पत्र्यांचा किंवा कड्याच्या आकाराचा असतो. कड्याच्या आकाराच्या, म्हणजेच टोरॉइडल रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी पसरते. मात्र सुरू करताना ते क्षणभर फार मोठी धारा ओढते आणि घरातील एमसीबी पडू शकते. मोठ्या रोहित्रांत यासाठी सावकाश सुरू होण्याची सोय करतात. भारतातील पुरवठ्यावर रोहित्राचा स्वतःचा घुमारा १०० हर्ट्झचा, म्हणजे वारंवारतेच्या दुप्पट असतो. रेकॉर्ड प्लेयरची सुई व तिचा ध्वनिसंकेत वाढवणारे परिपथ चुंबकीय क्षेत्राला फार संवेदनशील असल्याने रोहित्र त्यांच्यापासून शक्य तितके दूर, शक्यतो जमिनीवर ठेवतात. ते कापडाने झाकू नये किंवा बंद कपाटात ठेवू नये.

सुरक्षा व तपासणी

यंत्राला तीन पिनांची तार असल्यास रोहित्रातून भूसंपर्क तार अखंड पुढे नेलेली असावी. गुणगुण घालवण्यासाठी ही तार कापण्याची पद्धत जीवघेणी ठरू शकते; यंत्रात बिघाड होऊन धातूची पेटी विद्युन्मय झाली, तर वितळतार वितळण्याचा मार्गच उरत नाही. रोहित्राच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला भारतीय पद्धतीचे सॉकेट बसवू नये, कारण २३० व्होल्टच्या सॉकेटशी त्याची गल्लत होऊन यंत्राची पिन थेट घरातील पुरवठ्यात घातली जाण्याचा धोका असतो.

नवे रोहित्र आल्यावर यंत्र जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने बाहेरचा दाब मोजतात. त्यानंतर यंत्र जोडून कमी आवाजात तासभर चालवतात व रोहित्राचे तापमान पाहतात. ते कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर पुरवठा तत्काळ बंद करावा. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठांत तयार रोहित्रे मिळतात. मागणीनुसार रोहित्र गुंडाळून घेताना प्राथमिक दाब, दुय्यम दाब, वारंवारता, सतत वापराची क्षमता आणि वेटोळी स्वतंत्र असण्याची अट या पाच बाबी लेखी दिल्यास गैरसमज टळतो.