तळटीप १४ : ‘बी-सोळा घातलेली सिव्हिक’

१४. होंडाचे १५९५ सीसीचे ‘बी१६ए’ इंजिन १९८९ साली जपानात आले; वेग वाढल्यावर झडपा अधिक उघडणारी ‘व्हीटेक’ रचना घेऊनच. जुन्या सिव्हिकमधले डी-मालिकेचे इंजिन काढून हौशी लोक हे घालत, ते केवळ १६० अश्वशक्तीच्या मोहाने नव्हे. त्याच सांगाड्याची सिव्हिक ‘एसआयआर’ कारखान्यातूनच हे इंजिन घेऊन निघे, म्हणून माउंटिंग, अ‍ॅक्सल वगैरे सुटे भाग तयार मिळत. मग २.२ लिटरचे ‘एच२२’ का नको? शंका रास्त आहे. पण ते जड, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीचे तोंड जड झाले की ती वळणावर बाहेर ओढली जाते. मजकुरात ‘इंजिन बदलले’ एवढेच आहे. गिअरबॉक्सही बदललेला असणार, कारण डी-मालिकेचा बी-मालिकेच्या इंजिनाला बसत नाही.