वैमानिकांचे जोडधंदे

महाविद्यालयांतील प्राध्यापकास आठवड्यांतून किती तास शिकवावें लागतें, हें ऐकल्यावर बहुतेक गृहस्थांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटतें. 'म्हणजे बाकीचा सारा वेळ आपलाच कीं!' असा त्या स्मिताचा अर्थ असतो. आणि तो वेळ व्याख्यानांच्या तयारींत व उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत जातो असें सांगूं गेल्यास तें सांगणें केवळ सारवासारवीचें वाटतें. ह्या गैरसमजुतीस आमच्यापेक्षांही अधिक पात्र झालेला दुसरा एक वर्ग आहे, तो प्रवासी विमानें चालविणाऱ्या वैमानिकांचा. महिन्याकाठीं सत्तर-ऐंशी तासांचें उड्डाण, आठवड्यांतून कधीं तीन दिवस घरीं मुक्काम, सारें जग कचेरींत असतां भर दुपारीं अंगणांतल्या झाडांना पाणी घालणारा हा गृहस्थ शेजाऱ्यांच्या हेव्याचा विषय न होईल तरच नवल! मग इतक्या मोकळ्या वेळांत त्यानें एखादा जोडधंदा कां करूं नये, हा प्रश्न शेजारीच काय, तो स्वतःही विचारूं लागतो. ह्या प्रश्नाचा इतिहास आतां शंभर वर्षांचा झाला आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नाहीं.

वास्तविक आरंभीं विमान चालविणें हाच मुळीं एक फिरस्ता उद्योग होता. १९१४-१८ च्या महायुद्धांत युरोप-अमेरिकेंतील हजारों तरुण ही विद्या शिकले. युद्ध संपलें तेव्हां विद्या हातीं राहिली, पण तिला गिऱ्हाईक राहिलें नाहीं. सैन्यानें काढून टाकलेलीं विमानें मात्र स्वस्तांत मिळत. तेव्हां असें एखादें विमान घ्यावें, गांवाबाहेरच्या कुरणांत उतरावें, आकाशांत कोलांट्या मारून लोक जमवावे आणि थोडे पैसे घेऊन त्यांना वरून त्यांचेंच गांव दाखवावें, असा धंदा अमेरिकेंत सुरू झाला. आपल्याकडील डोंबाऱ्याच्या खेळाशीं त्याचें नातें फार जवळचें होतें. चार्लस लिंडबर्गनें १९२३ सालीं पांचशें डॉलरांस एक जुनें विमान घेतलें व ह्याच खेळांत आपली उमेदवारी केली. उडत्या विमानाच्या पंखावर उभें राहणें, हवाई छत्रीनें उडी घेणें, हींही कामें त्यानें केलीं. १९२६ मध्यें तो सेंट लुई ते शिकागो ह्या मार्गावर टपाल नेऊं लागला, तेव्हां कोठें त्याच्या उड्डाणास वेळापत्रक लाभलें. त्या एका वर्षांतच वाईट हवेंत सांपडून त्यास दोनदां विमान सोडून उडी टाकावी लागली. १९२७ च्या मे महिन्यांत एकट्यानें अटलांटिक ओलांडून पॅरिस गांठणारा लिंडबर्ग तो हाच.

आपल्या देशांतील नियमित विमानवाहतुकीचा उगमही अशाच फिरस्तेपणांत सांपडतो. ब्रिटिश हवाई दलांतून बाहेर पडलेला नेव्हिल व्हिंटसेंट १९२९ च्या सुमारास विमानें घेऊन हिंदुस्थानांत आला. कोठें हौशी लोकांस आकाशाची फेरी घडवावी, कोठें वरून जमिनीचीं छायाचित्रें काढावीं, असें मिळेल तें काम तो करीत असे. ह्याच भ्रमंतींतून हवाई टपालाची कल्पना त्याच्या मनांत पक्की झाली व ती जे. आर. डी. टाटा ह्यांच्यापर्यंत पोंचली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं स्वतः कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादेस थांबून, मुंबईस जुहूच्या मैदानावर विमान उतरविलें. तेथून पुढें व्हिंटसेंटनें तें मद्रासेकडे नेलें. ह्या सेवेच्या आरंभीं वैमानिक अवघे तीन होते, आणि त्यांपैकीं पूर्णवेळचे एकटे होमी भरुचा! उरलेल्या दोघांना इतर व्याप होते. टाटांस तर पेढीचा मोठा कारभार होता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं गेलें म्हणजे सारा संसार पुण्यास हलवावा लागे. तरीही १९३३ ह्या पहिल्या पुऱ्या वर्षांत सुमारें १,६०,००० मैलांचें उड्डाण झालें. म्हणजे आज ज्यांचे जोडधंदे आपण मोजतों, त्यांचा मूळ धंदाच आमच्याकडे दोघां जोडधंदेवाल्यांच्या हातून उभा राहिला.

फ्रान्समध्यें ह्याच काळीं वैमानिकाच्या रिकाम्या वेळेस एक निराळेंच फळ आलें. आंत्वान द सँतेक्झ्युपेरी हा सैन्यांत विमान चालविण्यास शिकलेला तरुण पोटासाठीं प्रथम एका कौलांच्या कारखान्याचा हिशेबनीस झाला, मग मालमोटारींचा विक्रेता झाला, आणि दोहोंतही साफ अपयशी ठरला. १९२६ सालीं तूलूझ येथील लातेकोएरच्या हवाई टपाल कंपनींत तो रुजू झाला. तेथील कडक व्यवस्थापक दिदिए दोरा नव्या वैमानिकास आधीं कारखान्यांत यंत्रें साफ करावयास लावी. आकाशाचा अधिकार हात काळे केल्यावांचून मिळत नसे. पुढल्या वर्षीं सहाराच्या किनाऱ्यावरील केप जुबी ह्या एकाकी तळाचा प्रमुख म्हणून त्यास पाठविण्यांत आलें. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस वाळवंट, वस्ती स्पॅनिश शिपायांची. वाळवंटांत कोणाचें विमान पडलें कीं जीव धोक्यांत घालून त्यास सोडवून आणावयाचें, आणि एरव्हीं टपालाची वाट पाहावयाची, हें त्याचें काम. त्या वाट पाहण्यांत, लांकडी खोपटांत बसून, त्यानें आपली पहिली कादंबरी लिहिली. ती १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. नंतर दक्षिण अमेरिकेंतील रात्रीच्या टपालावर लिहिलेल्या १९३१ च्या कादंबरीस फेमिना पारितोषिक मिळालें, व जग त्यास लेखक म्हणून ओळखूं लागलें.

पण ह्या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच वर्षीं त्याची कंपनी बुडाली. आतां लेखन हा छंद न राहतां उपजीविकेचें साधन झालें. १९३५ मध्यें एका पॅरिसच्या वृत्तपत्रासाठीं तो मॉस्कोस जाऊन आला, व्याख्यानें देत फिरला. पुस्तकाच्या कीर्तीनें जुने सोबती मात्र त्याच्याकडे परकेपणानें पाहूं लागले. हा आतां हौशी झाला, आपल्यांतला राहिला नाहीं, असें त्यांच्या मनांत आल्याचें दुःख त्यास शेवटपर्यंत होतें. जोडधंद्यांत यश आलें तर मूळ धंद्यांतील बिरादरी दुरावते, हा अनुभव त्याचा एकट्याचा नसावा.

आतां त्या प्रसिद्ध 'मोकळ्या वेळा'चा हिशेब पाहूं. अमेरिकेंत १९३१ सालीं वैमानिकांची संघटना स्थापन झाली. मंदीचे दिवस होते. कंपन्या कमी पगारांत अधिक उड्डाण मागत होत्या. ह्या झगड्याचा निकाल १९३४ मध्यें राष्ट्रीय श्रम मंडळानें दिला आणि वैमानिकानें महिन्यास ८५ तासांहून अधिक उडूं नये असें ठरविलें. निकाल वैमानिकांच्या व प्रवाशांच्याही हिताचा होता. परंतु त्यांतून एक भ्रम जन्मास आला. ते तास हवेंतील होते, नोकरींतील नव्हते! उड्डाणापूर्वींची हवामानाची व यंत्राची तपासणी, दोन उड्डाणांमधील ताटकळणें, धुकें विरण्याची वाट, परगांवच्या हॉटेलांतील रात्र, हें सारें त्या आंकड्याबाहेर राहिलें. पुढें अमेरिकन कंपन्यांतून वेतन मोजण्याची रीतही तशीच पडली: विमान जागचें हललें कीं वेतनाचें घड्याळ सुरू, आणि पुन्हां थांबलें कीं बंद. व्याख्यानाच्या तासावरून प्राध्यापकाचे श्रम मोजणारांस हा हिशेब समजावयास अडचण पडूं नये.

तरीही कांहीं वेळ खरोखरच मोकळा असतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र तो सलग असतो तसाच तो अनियमितही असतो. ह्या महिन्याचा गुरुवार पुढच्या महिन्यांत आपला असेलच असें नाहीं. म्हणून वैमानिकांस तेच धंदे मानवले, ज्यांस खोळंबण्याची संवय आहे: घरें बांधून विकणें, जमिनीचे व्यवहार, नवशिक्यांस उड्डाण शिकविणें, अमेरिकेंत नॅशनल गार्डच्या हवाई दलांतील अर्धवेळ सेवा. आणि अर्थात् लेखन. कारण कागदासारखा सोशीक धनी दुसरा नाहीं. अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिक अर्नेस्ट गॅन ह्यानें आपल्या उड्डाणांच्या अनुभवांवर १९४४ पासून पुस्तकें लिहिलीं, व १९६१ सालचें त्याचें आत्मवृत्त वैमानिक आजही आवडीनें वाचतात.

पण येथें एक विपरीत न्याय आहे. अमेरिकन कंपन्यांत महिन्याच्या फेऱ्यांची निवड ज्येष्ठतेनें होते. जुना वैमानिक आपल्या सोयीच्या फेऱ्या उचलतो; नव्याच्या वांट्यास उरलेलें येतें, किंवा नुसतेंच राखीव राहून दूरध्वनीच्या घंटेची वाट पाहणें येतें. ज्याचा पगार मोठा, त्याचा वेळ त्याच्या हातांत. आणि ज्यास जोडधंद्याची खरी निकड, त्याचा वेळ मात्र दुसऱ्याच्या मुठींत.

ही निकड किती तीव्र होऊं शकते, तें १९७८ नंतर दिसूं लागलें. त्या वर्षीं अमेरिकन सरकारनें मार्ग व भाडीं ह्यांवरील नियंत्रण काढलें. स्पर्धा वाढली, प्रवास स्वस्त झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक कंपन्या दिवाळखोरींत गेल्या आणि पगार व निवृत्तिवेतनें कापलीं गेलीं. मग २००९ सालाच्या आरंभीं सहा आठवड्यांच्या आंत तीन प्रसंग घडले. १५ जानेवारीस न्यूयॉर्कजवळ पक्ष्यांच्या थव्यानें दोन्ही यंत्रें बंद पडलेलें विमान चेस्ली सलेनबर्गर व जेफ्री स्काइल्स ह्यांनीं हडसन नदींत उतरविलें, आणि विमानांतील सर्व १५५ माणसें वांचलीं. १२ फेब्रुवारीस बफेलोजवळ एक लहान प्रवासी विमान कोसळलें. त्यांतील ४९ व जमिनीवरील एक असे ५० जीव गेले. २४ फेब्रुवारीस सलेनबर्गर व स्काइल्स अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें साक्षीस उभे राहिले. सारें राष्ट्र त्यांस डोक्यावर घेऊन नाचत होतें. तेथें सलेनबर्गरनें सांगितलें कीं, आपला पगार ४० टक्क्यांनीं घटला आहे, निवृत्तिवेतन जवळजवळ बुडालें आहे, आणि आपल्या मुलांनीं हा पेशा पत्करावा असें म्हणणारा एकही वैमानिक आपणास ठाऊक नाहीं. स्काइल्सनें सांगितलें कीं, पगारांतील तूट भरून काढण्यास आपण गेलीं सहा वर्षें दोन कामें मिळून आठवड्याचे सातही दिवस राबत आहों.

बफेलोच्या चौकशींत निघालेली हकीकत ह्याहून करुण होती. सहवैमानिक तरुणी अल्प वेतनामुळें कामाच्या शहरीं बिऱ्हाड करूं शकत नव्हती. देशाच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या आपल्या घरून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ती कामावर आली होती. त्यापूर्वीं एके काळीं ती ह्याच नोकरीबरोबर एका कॉफीच्या दुकानांतही काम करीत असे. येथें न्यायबुद्धि सोडतां कामा नये: अपघाताचें कारण म्हणून चौकशी मंडळानें कप्तानाच्या चुकीच्या हालचालीकडे बोट दाखविलें, आणि थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती तें ठरवितां येत नाहीं, असें म्हटलें. कॉफीच्या दुकानानें विमान पाडलें असें कोणीही म्हणूं नये. पण विमान चालविणाऱ्या हातांस कॉफीचे पेले भरावे लागतात, ही गोष्ट त्या दिवसांपर्यंत प्रवाशांस ठाऊकच नव्हती.

कायद्याची ह्या बाबतींतील दृष्टि विचार करण्यासारखी आहे. वैमानिकानें कंपनीबाहेर पैसे घेऊन उड्डाण केलें, तर तें व नोकरींतील उड्डाण मिळून मर्यादा ओलांडूं नये, असें कलम अमेरिकन नियमांत होतें. म्हणजे जोडधंदा आकाशांत असला तर तो मोजला जाई. जमिनीवर असला तर नाहीं. रात्रभर विटा रचल्या, हिशेब लिहिला, दुकान चालविलें, तरी कायद्याच्या लेखीं ती विश्रांतीच! २०१४ च्या जानेवारींत अमलांत आलेल्या नव्या नियमांनीं कामापूर्वीं दहा तासांची विश्रांति आवश्यक केली, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वीं आपण त्यास योग्य आहों असें वैमानिकानें स्वतः नोंदवावें, असें ठरविलें. आपल्या देशांतही जानेवारी २०२४ मध्यें वैमानिकांची साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचा नियम करण्यांत आला व २०२५ मध्यें तो लागूं झाला. नियम विश्रांतीस जागा करून देतात. ती जागा झोपेनें भरावी कीं मजुरीनें, हें पाहण्यास ते घरांत येऊं शकत नाहींत. तेथें साक्षी एक वैमानिकाची सदसद्विवेकबुद्धि, आणि ती बुद्धि घरभाड्याच्या काळजीनें आधींच दबलेली.

२०२० च्या महामारींत तर विमानें महिनोन्महिने जमिनीवर उभीं राहिलीं, आणि अनेक देशांतील वैमानिक मालमोटारी हांकूं लागले, घरोघर वाणसामान पोंचवूं लागले. जवळपास शंभर वर्षांपूर्वीं मालमोटारी विकतां न आल्यामुळें सँतेक्झ्युपेरी आकाशाकडे वळला होता. ह्यांस आकाशाकडून मालमोटारीकडे यावें लागलें. ज्यांनीं पूर्वीं एखादी दुसरी विद्या हौसेनें जोपासली होती, त्यांस ते दिवस कांहीं सुसह्य गेले असतील. म्हणून जोडधंदा वाईट असें माझें म्हणणें नाहीं.

भेद आहे तो हौस आणि निकड ह्यांत. केप जुबीच्या खोपटांत लिहिणाऱ्याचा वेळ रिकामा होता, व तो भरण्याचें स्वातंत्र्य त्याचें होतें. सातही दिवस राबणाऱ्या स्काइल्सचा वेळ रिकामा नव्हता. तो विश्रांतीचा होता, आणि पगारांतील तूट भरण्यासाठीं त्यानें तो गहाण टाकला होता. त्या गहाणखतावर सही वैमानिकाची असते, पण जामीन राहतों आपण, मागें आसनांवर डोळे मिटून बसलेले प्रवासी. म्हणून भर दुपारीं अंगणांत झाडांना पाणी घालणारा वैमानिक दृष्टीस पडला, तर शेजाऱ्यानें त्याचा हेवा करूं नये, आणि त्यास एखादा उद्योग सुचविण्याची घाईही करूं नये. तो त्या वेळीं रिकामा आहे असें दिसतें खरें. पण उद्यांच्या पहांटेच्या उड्डाणाची तयारी त्यानें तेथेंच आरंभलेली असते.