बे पोढियो

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मुलीचा परदेशाहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं. कालच शपथ झाली.” आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. तिकडचे घेतले की इकडचे आपोआप सुटते. १९५५ च्या कायद्यात तसे कलमच आहे. हे मला ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. नोकरी तिथली, घर तिथले, मुलगा तिथल्या शाळेत. तिने जे केले ते विचार करूनच केले होते. मी नुसते “बरं” म्हणालो. पण त्या ‘बरं’चा सूर असा काही लागला असावा की पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिने विचारले, “मी परकी झाले का हो?” मी पावसाचा विषय काढला.

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी एकदा तरी मुलांना निबंध घालायचा, ‘मला माझा देश का आवडतो?’ मुले इमानाने लिहीत : हिमालय, गंगा, शिवाजी महाराज, गांधीजी, आणि जागा उरलीच तर आंबा. मी लाल शाईने गुण देई. स्वतः मात्र या प्रश्नाचे उत्तर मी कधी लिहिले नाही. परीक्षकाला पेपर सोडवावा लागत नाही, ही आमच्या पेशातली एक मोठीच सोय आहे. मुलीच्या त्या प्रश्नानंतर ती सोय संपली.

दिवाळीला ती आली. बरोबर दहा वर्षांचा नातू. फराळाचे डबे अजून भरायचे होते, घरात बेसन भाजल्याचा वास होता, आणि बायकांच्या कामात आम्हा दोघांची अडचणच अधिक होत होती. मी म्हटले, “चला, कार्ल्याला जाऊन येऊ.” मुलगी ऐन वेळी चकल्या सोडून आमच्याबरोबर निघाली.

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की तळेगावच्या अलीकडे घोरावाडी नावाचे लहानसे स्टेशन लागते. गाडी तिथे जेमतेम उभी राहते. मी नातवाला खिडकीतून डोंगर दाखवला. त्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत, आणि त्यांतल्या एका लेखात एका बाईचे नाव आहे : सियगुतणिका. धेनुकाकट गावात राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधाऱ्याची ती बायको. आपला मुलगा नंद याच्यासह तिने लेणे दान दिले. लेखात तिच्या नवऱ्याला ‘कुडुबिक’ म्हटले आहे. त्याच घराण्यातला शब्द पुढे झिजत झिजत आपल्या तोंडी ‘कुणबी’ झाला. दोन हजार वर्षांपूर्वीची एक कुणबीण, तिचे नाव, नवऱ्याचे नाव, मुलाचे नाव आणि धंदा, सारे दगडावर शाबूत आहे. माझ्या स्वतःच्या पणजीचे नाव मला सांगता येत नाही.

मळवलीला उतरून आम्ही कार्ल्याचा डोंगर चढलो. एकवीरेच्या वाटेवर नेहमीचीच गर्दी होती. मुंबई-रायगडकडची कोळी मंडळी नव्या कोऱ्या कपड्यांत, कोणाच्या कडेवर नवसाचे मूल, कुठे ढोलकी. देवीचे देऊळ चैत्याच्या अगदी तोंडाशी आहे; नारळाच्या शेंड्या चुकवीतच बुद्धाच्या दारात जावे लागते. काही विद्वान मित्रांना ही सरमिसळ खटकते. मला ती आवडते. दोन हजार वर्षांत ज्या जागी माणसांचे येणे थांबले नाही, ती जागा अजून जिवंत आहे, एवढेच मी त्यातून समजतो.

आत शिरल्यावर नातू गप्प झाला. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच आहे. खांब सदतीस. वर छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. दगडात कोरलेल्या घराला लाकडाची काही गरज नव्हती. पण आधीच्या चैत्यांना लाकडी वासे होते, म्हणून इथेही हवेत, असा त्या कारागिरांचा जुना हट्ट दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे काम. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी एका लेखात अभिमानाने सांगतो की हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. शेटजींनी थोडी बढाई मारली असेल, पण तिथे उभे राहिल्यावर त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

“हे कुठल्या राजानं बांधलं?” नातवाने विचारले.

हाच प्रश्न मीही लहानपणी विचारला होता, आणि मला उत्तर मिळाले होते, ‘पांडवांनी, एका रात्रीत.’ लोकांचा तरी काय दोष? अक्षरे समोर होती, पण हजार-दीड हजार वर्षे ती कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. पुढे डॉ. भाऊ दाजी आणि त्यांनी हाताशी धरलेले जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या डोंगरांतले लेख उतरून घेतले, वाचले, आणि पांडवांच्या जागी भलतीच माणसे उभी राहिली.

मी नातवाला एकेक खांब दाखवीत चाललो. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. तेवढा एक बडा सरदार. पण दरवाजा? तो धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने दिला. गंधिक म्हणजे अत्तरे, सुगंधी द्रव्ये विकणारा. दाराचे काम केले त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने. लेखात त्याला ‘वढकी’ म्हटले आहे; विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. एका ठिकाणी कोरीव कठडा आहे, तो कोडी नावाच्या भिक्षुणीचे दान. ही भिक्षुणी घुणिकाची आई, असे लेखात मुद्दाम सांगितले आहे. संसार सोडला, तरी मुलाचे नाव सोडवले नाही. आणि कठडा घडविणारा नंदिक. त्याचेही नाव तिथेच.

माझी मुलगी तोवर एका खांबापाशी थांबली होती. “बाबा, इथे काय आहे?”

त्या रांगांतले कितीतरी खांब यवनांनी दिलेले आहेत. समुद्रमार्गे वा उत्तरेकडून आलेल्या ग्रीकांना आणि एकूणच पश्चिमेकडच्या लोकांना आपले पूर्वज यवन म्हणत. ‘धेनुकाकटच्या सिहधय यवनाचा स्तंभ, दान.’ बस्स, एवढेच. सिहधय म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्या एकाचे नाव धम्म. धर्मानंद कोसंब्यांचे चिरंजीव, गणिती दामोदर कोसंबी, यांनी १९५५ च्या सुमारास या खांबांवरचे आधी नजरेतून सुटलेले काही लेख वाचले, तेव्हा अशा दात्यांची यादी आणखी लांबली. धेनुकाकट नेमके कुठे होते यावर पंडितांचा वाद आहे. पण लेखाची मांडणी पाहा. ‘मी यवन’ हे तो लपवीत नाही, आणि ‘मी धेनुकाकटचा’ हेही त्याच दमात सांगतो. या दोन गोष्टींत त्याला काही विसंगती वाटली नाही, आणि टाकीवाल्यालाही वाटली नाही.

मुलीने काही म्हटले नाही. खांबावर हात ठेवू नये, हे तिला मीच लहानपणी शिकवले होते; ती नुसती जवळ उभी राहिली.

परतीच्या गाडीत आम्हांला बसायला जागा मिळाली. नातवाने भूतकाळाची चटक लागल्यासारखे “आणखी सांगा” म्हटले, म्हणून मी त्याला नाशिकला नेले, म्हणजे बोलण्यात. तिथल्या पांडवलेण्यांत क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. हा शक, म्हणजे हाही मूळचा बाहेरचाच. त्याने गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणीत दोन हजार कार्षापण कायमचे ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मी नातवाला हिशेब घातला. त्याने बोटांवर केला : महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणारे वीस भिक्षू; प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा. बरोबर जुळते! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवला होता. आजची बँकेची ठेवपावती याहून फार निराळी नसते. पण मला या उषवदाताची दुसरीच गोष्ट जास्त भावते. त्याने पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. पैलतीरी जायला कोणाला पैसा पडू नये. दमण आणि डहाणू ही नावे अजून आपल्या नकाशावर आहेत.

इथे मला एक अप्रिय गोष्टही सांगावी लागली, कारण पोरासमोर इतिहासाची फक्त गोड बाजू मांडणे हा शिक्षकाचा गुन्हा आहे. याच डोंगरात गौतमी बलश्री या राजमातेचा मोठा लेख आहे, नातवाच्या, पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरलेला. त्यात ती आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी गाते : त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला, चारी वर्णांची सरमिसळ थांबवली. आईचे दुःख त्यात आहे, मुलगा तिच्या आधी गेला होता; तरी ती ओळ मी वर्गात शिकवताना दरवेळी अडखळलो. आणि गंमत अशी की त्याच डोंगरात, त्याच रांगेत, थोड्या अंतरावर उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे लेणे आहे. आईवडिलांच्या पुण्यासाठी, मुलगा धर्मरक्षित याच्यासह, चैत्यघर आणि पाण्याची टाकी. डोंगराने दोन्ही लेख ठेवून घेतले. राजमातेचा वाचून कोणी यवनाचा खोडला नाही. मला या देशाचा अभिमान कधी वाटत असेल तर राजमातेच्या लेखासमोर नव्हे. या न खोडण्यासमोर.

“तो इंद्राग्निदत्त परत गेला का त्याच्या गावाला?” मुलीने विचारले.

“लेण्यात आहे तेवढंच मला माहीत,” मी म्हणालो. “गावाचं नाव त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे विसरला नव्हता.”

ती खिडकीबाहेर बघू लागली. देहूरोड मागे पडल्यावर मी, श्रावणात जे बोलायचे होते ते, बोललो. फार काही नव्हते. “त्या दिवशी मी नीट बोललो नाही,” एवढेच. ती म्हणाली, “पाऊस मात्र तेव्हा खरंच जोरात होता.” आणि आम्ही दोघेही हसलो.

नातवाला त्यात रस नव्हता. त्याला शेवटची एक गोष्ट हवी होती. तेव्हा मी त्याला जुन्नरची सांगितली, माझी सगळ्यांत आवडती. जुन्नर हे नाणेघाटाच्या माथ्यावरचे व्यापारी गाव. कोकणातून वर आलेला माल तिथून पुढे देशावर जाई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय, हजारोंनी गाई, सारे आकड्यांत. जुन्नरच्या डोंगरांत मात्र पुन्हा आपली नेहमीची मंडळी : धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बुरूड, कासार. आडुथुम नावाच्या एका शकाने तर करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमीन दिली. आणि या सगळ्यांत इरिल नावाचा एक यवन आहे. त्याचा लेख एका ओळीचा. आमच्यासारख्यांना वाचायला सोपा : ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.’ देयधम म्हणजे दान. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके.

“आणि बे?” नातू म्हणाला.

“तुला पाढे येतात का मराठीत?”

त्याला येत नव्हते. त्याच्या आईने त्याला गाडीतच म्हणून दाखवले : बे एके बे, बे दुणे चार. शेजारच्या बाकावरच्या बाई कौतुकाने बघायला लागल्या. त्या यवनाचे ‘बे’ आपण अजून पाढ्यात म्हणतो. ज्या शब्दाने त्याने आपली टाकी मोजली, त्याच शब्दाने आपल्या पोरांचे गणित सुरू होते. इरिल कसा दिसत होता, त्याच्या बायकोचे नाव काय, त्याला इथला उन्हाळा सोसला का, काही ठाऊक नाही. घाट चढून येणाऱ्याला तहान लागते, हे त्याला ठाऊक होते. लेण्यांत राहणाऱ्यांना चैत्र-वैशाखात पाणी पुरत नाही, हेही त्याने पाहिले असेल. इतके कळण्याइतका तो इथे राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या पोरांनी अंगणात किल्ला करायला घेतला. दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल, अळिवाचे बी. नातवाला किल्ला नवा होता, पण चिखल कोणत्याही देशातला मुलगा लगेच ओळखतो. संध्याकाळी मी पाहायला गेलो तेव्हा गडावर मावळे चढले होते, महाराज सिंहासनावर होते, तोफा लागल्या होत्या. पायथ्याशी, जिथे पोरे बहुधा वाघाची गुहा करतात, तिथे दोन चौकोनी खड्डे होते. आत प्लॅस्टिकचे डब्यांचे झाकण बसवले होते, पाणी मुरू नये म्हणून. शेजारी काडीला टोचलेली पुठ्ठ्याची पाटी. अक्षर वाकडेतिकडे, आईकडून एकेक अक्षर विचारून लिहिलेले : ‘बे पोढीयो’. ढी ला दीर्घ वेलांटी पडली होती. हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला, आणि परत आला.

मुलगी तांब्यातून पाणी घालत होती. एक टाके भरले, दुसऱ्यात पाणी गळत होते. नातू म्हणाला, “थांब, थांब, अजून चिखल लागेल,” आणि आणायला धावला.